अंधेरीतलं 'स्टुडिओ कसा चालतो' वीकेंड वर्कशॉप: शनिवार सोसा, रविवार वसूल

पाचपैकी साडेतीन. शनिवारला दोन, रविवारला पाच, भागिले दोन, सरळ हिशोब. इन्स्टिट्यूटचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, खाली तक्रारी आहेत आणि मला कोणाशी भांडत बसायचं नाहीये, तसंही अंधेरी वेस्टला फिल्मचं काहीतरी शिकवणाऱ्या जागा गल्लोगल्ली आहेत. जाण्याआधी त्यांना एवढंच विचारा की रविवारी फायनान्सच्या मॅडम आहेत का. असतील तर पैसे भरा, नसतील तर घरी बसा.

मी कशाला गेले ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी प्रॉडक्शन अकाउंट्समध्ये आहे, मराठी सिरियली आणि अधूनमधून पिक्चर. व्हाउचर, पेटी कॅश, जनरेटरचं बिल, ज्युनियर आर्टिस्टचं पेमेंट, स्पॉट दादांची कन्व्हेयन्स, शिफ्ट लांबली की वरचे पैसे, हे सगळं तोंडपाठ. पण हा पैसा मुळात येतो कुठून, पिक्चर करायचा की नाही हे नक्की कोण ठरवतं आणि रिलीजनंतर जे काही येतं त्यात कोणाचा नंबर कितवा, हे विचारलं की उत्तर एकच, "ते ऑफिस बघतं". तर ऑफिस काय बघतं हे बघायला मी साडेसहा हजार अधिक जीएसटी भरले. नवरा म्हणाला यूट्यूबवर फुकट आहे की सगळं. आहे, पण यूट्यूबला उलटा प्रश्न विचारता येत नाही.

शनिवार म्हणजे ऑर्ग चार्ट, कंपनीत कोण कोणाच्या खाली त्याचा तक्ता. सर माणूस चांगला, डिस्ट्रीब्युशनमध्ये बरीच वर्षं काढलेला, पण स्लाइड वाचून दाखवायची सवय, आणि स्लाइडवर अक्षरं इतकी बारीक की तिसऱ्या रांगेतून फक्त चौकोन दिसत होते. मात्र उदाहरण त्यांनी हुशारीने निवडलं होतं, सोनी पिक्चर्स, कारण डिस्नीचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं (पिक्सार २००६, मार्व्हल २००९, लुकासफिल्म २०१२, मग २०१९ ला फॉक्स, सगळं विकत घेत घेत गेलेले) पण सोनीचं नाव टीव्हीच्या डब्यावर वाचलेलं असतं आणि तिथेच आपण थांबतो.

तर सगळ्यात वर टोकियोची सोनी ग्रुप कॉर्पोरेशन. तिच्याखाली अमेरिकेत कल्व्हर सिटीला सोनी पिक्चर्स एंटरटेनमेंट, तिथे जानेवारी २०२५ पासून रवी आहुजा सीईओ आहेत, आधी टोनी व्हिन्सिक्वेरा होते. त्याखाली टीव्हीचा कारभार वेगळा आणि पिक्चरचा वेगळा, पिक्चरवाल्या ग्रुपचे प्रमुख टॉम रॉथमन. आणि या पिक्चर ग्रुपच्या आत पुन्हा वेगवेगळी लेबलं. कोलंबिया हे सगळ्यात जुनं, १९२४ चं नाव, मोठे पिक्चर तिकडे. ट्रायस्टार १९८२ ला कोलंबिया, एचबीओ आणि सीबीएस या तिघांनी मिळून काढलेलं. स्क्रीन जेम्स म्हणजे कमी बजेटचे हॉरर आणि थ्रिलर. सोनी पिक्चर्स क्लासिक्स १९९२ पासून, छोटे, परदेशी, फेस्टिव्हलवाले सिनेमे. शिवाय अ‍ॅनिमेशनचं वेगळं. प्रत्येक लेबलला आपली माणसं, आपली स्क्रिप्ट वाचणारी टीम, आपला स्वभाव. पण मोठ्या लेबलांचं मार्केटिंग, डिस्ट्रीब्युशन, कायदा, हिशोब हे वरून सामायिक. एकत्र कुटुंबात चुली वेगळ्या आणि धान्याची कोठी एक असते ना, तसं, आणि कोठीची किल्ली ज्याच्या कमरेला त्याचंच चालतं. क्लासिक्सवाले तेवढे पहिल्यापासून बरेचसे आपल्या मनाने चालतात.

आपल्याकडचं टोकपण त्याच झाडाला आहे. सोनीची इथली टीव्ही कंपनी, जिचं कागदावरचं नाव आता कल्व्हर मॅक्स एंटरटेनमेंट आहे, तिच्यातच सोनी मराठी येतं, २०१८ ला सुरू झालेलं चॅनल. म्हणजे मालाडच्या ऑफिसातून निघालेला कागद चढत चढत कल्व्हर सिटी करून टोकियोला जाऊ शकतो. हे ऐकून मला माझी अडकलेली बिलं आठवली पण जाऊ दे.

शनिवारी एकच गोष्ट सरांनी स्लाइड बंद करून सांगितली आणि तीच लक्षात राहिली. १९८२ ला कोका कोलाने कोलंबिया घेतली होती, हो, कोल्ड्रिंकवाल्यांनीच. १९८९ ला त्यांच्याकडून सोनीने ३.४ अब्ज डॉलरला घेतली, आणि चालवायला पीटर गुबर आणि जॉन पीटर्स या दोन प्रोड्युसरांना आणलं, पण हे दोघं तेव्हा वॉर्नर ब्रदर्स या दुसऱ्या स्टुडिओशी करारात बांधलेले. वॉर्नरने कोर्टात खेचलं, तडजोड झाली, त्यात सोनीने बरबँकच्या स्टुडिओतला आपला हिस्सा वॉर्नरला दिला आणि बदल्यात कल्व्हर सिटीचा जुना एमजीएमचा लॉट, म्हणजे त्या जुन्या हॉलिवूड स्टुडिओचं शूटिंगचं आवार, घेतला. म्हणजे आज सोनी जिथे बसते ती जागा दोन माणसांच्या नोकरीच्या भांडणातून आलेली आहे. आणि एवढं करून १९९४ ला सोनीला २.७ अब्ज डॉलर पुस्तकात बुडीत दाखवावे लागले. सर म्हणाले, हार्डवेअरवाल्याला वाटतं सॉफ्टवेअर पण फॅक्टरीतच बनतं. मग परत स्लाइड सुरू.

रविवार. मॅडम आल्या त्या लॅपटॉपशिवाय, मार्कर घेऊन. कॉर्पोरेट स्टुडिओत फायनान्स बघून आता स्वतंत्र काम करतात. आल्याआल्या प्रश्न, "एमजीएम आज कोणाचं आहे?" कोणीतरी म्हणालं अ‍ॅमेझॉनचं. बरोबर, मार्च २०२२ ला साडेआठ अब्ज डॉलरच्या आसपास घेतलं. मग मॅडमनी फळ्यावर तीन चौकोन काढले. एमजीएमची जमीन कोणाकडे, सोनीकडे. एमजीएमचे जुने, १९८६ च्या आधीचे गाजलेले पिक्चर कोणाकडे, वॉर्नरकडे, कारण १९८६ ला टीव्हीवाल्या टेड टर्नरने ती लायब्ररी, म्हणजे त्या पिक्चरांचे हक्क, उचलली आणि १९९६ ला टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये गेली. आणि पिक्चरच्या सुरुवातीची ती सिंहाची डरकाळी, नाव आणि उरलेली लायब्ररी अ‍ॅमेझॉनकडे, तीपण लहान नाही, ४,००० च्या वर पिक्चर आणि टीव्हीचे १७,००० एपिसोड. "आता सांगा स्टुडिओ म्हणजे यातलं कुठलं?"

वर्गात शांतता. मी दहा-बारा वर्षं सेटवर हिशोब लिहितेय आणि माझ्यासाठी स्टुडिओ म्हणजे फ्लोअर, लाइट, आवाराचं गेट, वॉचमनला सांगून आत घेतलेली गाडी. मॅडमचं म्हणणं असं की ते भाड्याने मिळतं. स्टुडिओ ग्रुपकडे खरी मालमत्ता दोनच, हक्कांची लायब्ररी आणि पिक्चर एकाच दिवशी हजारो पडद्यांवर लावायची ताकद. बाकी सगळं, डायरेक्टर, कॅमेरा, एडिटिंग, माणसं, पिक्चरपुरतं गोळा होतं आणि पॅकअप झालं की पांगतं. सोनीचंच बघा, तिकडे अमेरिकेत डिस्नी, वॉर्नर, पॅरामाउंट सगळ्यांनी आपापलं ओटीटी काढून पैसा ओतला, सोनीने तसलं मोठं सर्वसाधारण ओटीटी तिथे काढलंच नाही, एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सशी करार करून टाकला की २०२२ पासूनचे आमचे पिक्चर थेटरनंतर तुमच्याकडे. दुकान चालवायची कटकट दुसऱ्याची, माल आपला. इथे भारतात मात्र सोनी लिव्ह आहे, म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही, जिथे जे परवडतं ते.

आता तो भाग ज्याच्यासाठी मी पाच स्टार दिले, खोटी ग्रीनलाइट मीटिंग, म्हणजे पिक्चर करायचा की नाही हे ठरवणारी बैठक. वर्गाचे चार गट, क्रिएटिव्ह, फायनान्स, मार्केटिंग, डिस्ट्रीब्युशन. एक मध्यम बजेटचा मराठी पिक्चर, गोष्ट मॅडमनी दिलेली, सगळ्यांनी आपापला कागद घेऊन बसायचं आणि शेवटी हो किंवा नाही. मला वाटलं फायनान्समध्ये टाकतील, टाकलं मार्केटिंगमध्ये, बरंच झालं. क्रिएटिव्हमध्ये कोल्हापूरचा एक मुलगा होता, मनापासून बोलत होता, शेवट काय, नायिकेचा प्रवास काय, आम्ही सगळे ऐकत होतो आणि खरंच चांगली मांडली त्याने. मग फायनान्सवाल्यांनी अल्टिमेट काढलं. अल्टिमेट म्हणजे पिक्चर पहिल्यांदा लागल्यापासून पुढच्या दहा वर्षांत थेटर, ओटीटी, सॅटेलाइट, म्युझिक, डबिंग राइट्स असं सगळं मिळून किती येईल याचा अंदाज, अमेरिकन अकाउंटिंगच्या नियमातच ही दहा वर्षांची चौकट आहे. म्हणजे पिक्चर बनायच्या आधी त्याचं दहा वर्षांचं आयुष्य एक्सेलमध्ये जगून होतं. आपल्याकडे त्यात शासनाच्या अनुदानाची ओळ वाढवायची, ती आम्ही वाढवली, मॅडम म्हणाल्या मिळेल तेव्हा मोजा.

मग आमची पाळी. पब्लिसिटीचा खर्च बजेटला जोडला तसा पिक्चरचा चेहराच बदलला, कारण निगेटिव्ह तयार होईपर्यंतचा खर्च वेगळा आणि तो पिक्चर लागलाय हे लोकांना कळवायचा खर्च वेगळा, आणि छोट्या पिक्चरला दुसरा खर्च पहिल्याच्या गळ्यापर्यंत येतो. डिस्ट्रीब्युशनवाल्यांनी तारीख मागितली तर दोन्ही बाजूला हिंदीचे मोठे पिक्चर, शो मिळणार सकाळचे. मी म्हटलं तारीख बदला नाहीतर आम्ही पैसे लावणार नाही. तो कोल्हापूरचा मुलगा म्हणाला, "ताई, पण पिक्चर चांगला असेल तर माउथ पब्लिसिटीने चालेल ना?" मी म्हटलं, "अरे चालेल, पण सोमवारपर्यंत शो राहिले तर." तो गप्प झाला, मला जरा वाईट वाटलं, पण खुर्ची कुठे ठेवली त्यावर माणूस काय बोलतो हे त्या एका तासात कळलं. स्वतःच्या पिक्चरच्या युनिटवर असताना मी याच तारखेवरून ऑफिसला शिव्या घातल्यात.

शो मिळण्यावरून एकीने सरकारी नियमाचं काढलं. २०१५ चा तो निर्णय, आधी संध्याकाळी ६ ते ९ मध्ये मराठी पिक्चर लावा अशी घोषणा आणि मग मल्टिप्लेक्सवाल्यांशी बोलून दुपारी १२ ते रात्री ९ असं झालं. मॅडमचं उत्तर दोन शब्दांचं, "बारा वाजले." वर्ग हसला.

त्यानंतर पैशाची उतरंड. हे मला सगळ्यात जवळचं आणि मॅडमनी एका तिकिटावर दाखवलं म्हणून पटकन पोचलं. २३६ रुपयांचं तिकीट घ्या. ३६ रुपये जीएसटी, उरले २००. पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्स अर्धे ठेवणार, उरले १००. डिस्ट्रीब्युटरचं कमिशन १० टक्के धरलं तर उरले ९०. आता या ९० मधून आधी पब्लिसिटीचा खर्च फिटणार, मग ज्याने अ‍ॅडव्हान्स किंवा एमजी (मिनिमम गॅरंटी, आधीच कबूल केलेली किमान रक्कम) दिलीय तो, मग फायनान्सरचं व्याज, मग मूळ बजेट, आणि एवढं होऊन काही राहिलं तर त्याला नफा म्हणायचं. आणि तो अर्धाअर्धा हिस्सा पण कायमचा नाही, २००९ ला प्रोड्युसर आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं वाजलं होतं आठवतंय का, एप्रिल ते जून मोठे हिंदी पिक्चरच लागले नव्हते, त्यानंतर जे ठरलं ते पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३०. म्हणून सगळी धडपड पहिल्या शुक्रवार ते रविवारसाठी, पुढे प्रत्येक तिकिटात आपला वाटा कमीच होत जातो.

स्टुडिओ ग्रुपचं कौशल्य असं की यातली बरीच ओझी तो स्वतःच स्वतःला देतो. पिक्चर बनवणारी कंपनी त्याची, वितरण त्याचं, कर्ज त्याचं, म्हणजे कमिशन, व्याज आणि ओव्हरहेड (ऑफिसचा वरखर्च) तिन्ही पिक्चरच्या नावे पडतात आणि ग्रुपच्याच दुसऱ्या खिशात जातात. मॅडमनी आर्ट बुचवाल्डची केस सांगितली. हा अमेरिकन लेखक, त्याच्या कल्पनेवरून एडी मर्फीचा पिक्चर निघाला, जगभरात २८ कोटी डॉलरच्या वर धंदा केला, आणि तो काढणारी पॅरामाउंट म्हणे निव्वळ नफा शून्य. १९९० ला कोर्टाने म्हटलं की नफ्याची ही व्याख्या असलेला करारच अन्यायी आहे. माझ्या शेजारी एक स्क्रिप्ट रायटर बसलेला, त्याने वहीत 'नेट नको ग्रॉस' लिहून दोनदा अंडरलाइन केलं, म्हणजे वाटा खर्च वजा जाऊन उरलेल्या नफ्यात नको, आधीच्या कमाईत हवा. ग्रॉस त्याला कोण देणार हा प्रश्न वेगळा.

थेटरं स्वतःची असली तर? तर तो पण खिसा आपलाच. म्हणून १९४८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तिकडच्या स्टुडिओंना दणका दिला आणि त्यांना थेटरं सोडावी लागली. ती बंधनं २०२० ला उठली, आणि जून २०२४ ला सोनीने अलामो ड्राफ्टहाउस ही थेटरांची साखळी विकत घेतली. आपल्याकडे असली बंदी कधी नव्हती, पीव्हीआर आयनॉक्स पडदे पण चालवतं आणि पिक्चर वितरण पण करतं, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. यावर चर्चा व्हायला हवी होती, पण जेवणाची वेळ झाली.

आता माझी खरी तक्रार. अंधेरीत बसून दोन दिवस स्टुडिओवर बोलायचं आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या स्टुडिओंचं नाव नाही म्हणजे कमाल आहे. इथून काही स्टेशनं वर मालाडला १९३४ ला हिमांशू राय आणि देविका राणीने बॉम्बे टॉकीज काढली ती चक्क शेअर असलेली लिमिटेड कंपनी होती, बोर्डावर शहरातली बडी मंडळी, पगारावर नट, पगारावर टेक्निशियन. १९४३ ला त्यातून शशधर मुखर्जी, अशोक कुमार वगैरे फुटून गोरेगावला फिल्मिस्तान काढतात. प्रभात तर १९२९ ला कोल्हापुरात पाच भागीदारांची, शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी, १९३३ ला पुण्याला आली, शांताराम बाहेर पडले आणि १९४२ ला परळला राजकमल उभा केला. आणि एमजीएमचं ते तीन चौकोनांचं कोडं इथे पण लागू होतंच की, प्रभातच्या जागेत १९६० पासून एफटीआयआय आहे, चेंबूरचा आर.के. २०१७ ला जळला आणि २०१९ ला जमीन गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. जमीन गेली म्हणून नाव जात नाही. हे ब्रेकमध्ये मी मॅडमना म्हटलं तर म्हणाल्या पुढच्या बॅचला घेते. शनिवारच्या सरांना पण सांगितलं, ते म्हणाले "हिस्ट्री का अलग मॉड्युल है", म्हणजे अलग फी.

आणि आजचं पण धावतं उरकलं. यशराज ही या शहरातली स्टुडिओ ग्रुपच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट, १९७० ची कंपनी, स्वतःचं वितरण, स्वतःचं म्युझिक, २००५ पासून अंधेरीतच स्वतःचे फ्लोअर, आणि तरी मालकी घरात. करण जोहरच्या धर्मा प्रॉडक्शन्सचा अर्धा हिस्सा २०२४ ला अदर पूनावालांच्या कंपनीने १,००० कोटींना घेतला. डिस्नीने इथे यूटीव्ही ही पिक्चरवाली कंपनी घेऊन २०१६ ला हिंदी पिक्चर बनवणं थांबवलं. या तिघांवर मिळून दीड स्लाइड. घरची कंपनी आणि कॉर्पोरेट कंपनी यांच्यात ग्रीनलाइट कशी वेगळी होते हे मला ऐकायचं होतं, एका ठिकाणी एक माणूस हो म्हणतो आणि दुसरीकडे बारा जणांच्या मेलवर अप्रूव्हल लागतं, हे मी स्वतः बिलं पास करून घेताना बघितलंय.

बाकी सोयी. डी. एन. नगर मेट्रोपासून चालत जाता येतं, गाडी नेऊ नका, पार्किंग नाही. एसी इतका की शाल लागेल. जेवण शनिवारी पनीर आणि रविवारी परत पनीर, चहा मात्र खालच्या टपरीवरून मागवतात त्यामुळे उत्तम. भाषा हिंदी-इंग्रजी, मराठीत विचारलं तर मॅडम मराठीत उत्तर देतात, सरांना समजतं पण बोलत नाहीत. बॅच तीसची सांगतात, खुर्च्या चाळीस होत्या आणि सगळ्या भरलेल्या. रेकॉर्डिंग देऊ म्हणाले होते ते अजून आलं नाहीये, ग्रुपवर विचारलं की अंगठा येतो.

अ‍ॅक्टिंग किंवा डायरेक्शनची आवड म्हणून जात असाल तर वैताग येईल. लेखक, छोटे प्रोड्युसर, सीए करणारी मुलं आणि माझ्यासारखी अकाउंट्सवाली मंडळी, यांनी जावं. नुसता रविवार देता का असं मी विचारलं होतं, देत नाहीत. सर्टिफिकेट पीडीएफमध्ये मेलवर येतं, आडनावाचं स्पेलिंग फॉर्म भरतानाच नीट बघून घ्या, माझ्यात एक अक्षर गळलंय आणि दुरुस्तीचे पाचशे मागतायत.